उष्णता न देता बर्फ कसा वितळवावा?

प्रश्न असा आहे की पायऱ्यांवर, वाटेवर, गाडीच्या काचेवर किंवा फ्रीजरमध्ये साचलेला बर्फ गरम पाणी, हीटर किंवा ज्योत न वापरता वितळवता येतो का, आणि येत असल्यास त्याचे मार्ग कोणते. शीतकरण यंत्रणा आणि शीतगृहे यांच्या देखभालीत माझी बरीच वर्षे गेली आहेत. हवा तेथे बर्फ तयार करणे आणि नको तेथे साचलेला बर्फ काढणे, ही दोन्ही कामे मी केली आहेत, त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर जरा विस्ताराने देतो.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण पुढचे सगळे तिच्यावरच उभे आहे. उष्णतेचे साधन न वापरता बर्फ वितळवता येतो. परंतु उष्णता न घेता बर्फ वितळत नाही. शून्य अंशावरील 1 किलो बर्फाचे शून्य अंशावरीलच पाणी होण्यासाठी सुमारे 334 किलोजूल उष्णता लागते. एवढ्याच उष्णतेत 1 किलो पाणी शून्यापासून जवळजवळ 80 अंश सेल्सिअसपर्यंत तापले असते. हा अप्रकट उष्मा आहे. मीठ टाका, अल्कोहोल शिंपडा किंवा दाब द्या, ही किंमत चुकवावीच लागते. फरक एवढाच की ती आपण विजेच्या किंवा इंधनाच्या रूपाने देत नाही. बर्फ ती स्वतःकडून, जमिनीकडून, हवेकडून किंवा हाताशी असलेल्या भांड्याकडून घेतो. म्हणून कोणताही उपाय पारखताना मी दोनच प्रश्न विचारतो: या उपायाने बर्फाचा वितळणबिंदू खाली येतो का, आणि आसपास असलेली उष्णता बर्फापर्यंत अधिक वेगाने पोहोचते का? दोन्हींचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या उपायाने बर्फ वितळणार नाही.

मिठाचा प्रयोग घरी करून पाहण्यासारखा आहे. एका पातळ धातूच्या भांड्यात 300 ग्रॅम बर्फाचा बारीक चुरा घ्यावा, त्यात 100 ग्रॅम मीठ घालून ढवळावे आणि उणे तापमान दाखवणारा तापमापक आत ठेवावा. काही मिनिटांतच चुऱ्याचा रगडा होतो, तळाशी पाणी दिसू लागते, आणि त्याच वेळी तापमापकातील पारा उणे 10 अंशांच्याही खाली जातो. चुरा बारीक असेल आणि ढवळणे नीट झाले असेल तर तो उणे 15 च्याही पुढे उतरतो. भांड्याच्या बाहेरून पांढरे दव गोठते. भांडे ओल्या लाकडी फळीवर ठेवले असेल तर ते फळीला चिकटून बसते आणि उचलताना फळीही सोबत येते. बर्फ वितळतो आहे आणि तरीही सगळे अधिकाधिक थंड होते आहे, हे पाहताना विद्यार्थी नेहमी थबकतात, आणि त्यांनी थबकावेच, कारण या प्रश्नाचे उत्तर त्या थंडाव्यातच आहे. वितळण्यासाठी लागणारी उष्णता बाहेरून पुरेशी मिळाली नाही म्हणून मिश्रणाने ती स्वतःच्याच अंगातून काढली. फॅरनहाइट यांनी 1724 साली आपल्या तापमापनश्रेणीची माहिती प्रसिद्ध केली तेव्हा शून्यासाठी बर्फ, पाणी आणि नवसागर यांचेच मिश्रण वापरले होते, कारण ते स्वतःहून एका ठरावीक थंडीवर जाऊन थांबते.

मीठ बर्फाला खाते किंवा जाळते असे बोलताना म्हटले जाते, पण तसे काही घडत नाही. शून्य अंशाला बर्फ आणि पाणी एकमेकांना लागून असतात तेव्हा बर्फाच्या पृष्ठभागावरून पाण्याचे काही रेणू सुटत असतात आणि तेवढेच रेणू पाण्यातून परत येऊन बर्फात बसत असतात. पाण्यात मीठ विरघळले की परत येऊ पाहणाऱ्या रेणूंचे प्रमाण कमी होते. सुटणाऱ्यांचे मात्र तेवढेच राहते. त्यामुळे तोल वितळण्याच्या बाजूला झुकतो, आणि तो पुन्हा साधायचा तर तापमान आणखी खाली जावे लागते. येथे पदार्थ कोणता यापेक्षा त्याचे किती कण पाण्यात मोकळे झाले याला महत्त्व आहे. 1 किलो पाण्यात कोणत्याही पदार्थाचे एक मोल (कणांची संख्या मोजण्याचे रसायनशास्त्रातील एकक) कण विरघळले तर गोठणबिंदू सुमारे 1.86 अंशांनी उतरतो. साखरेच्या एका मोलाचे वजन 342 ग्रॅम भरते आणि तेवढी साखर घालून फार तर 2 अंशांचा फरक पडतो. मिठाचा एक मोल केवळ 58.5 ग्रॅमचा, आणि पाण्यात त्याचे सोडियम व क्लोराइड असे दोन आयन होत असल्यामुळे फरक जवळजवळ 3.4 अंशांचा पडतो. साखरेनेही बर्फ वितळतो हे खरे असले तरी ती कोणी वापरत का नाही, याचे कारण या हिशेबात आहे.

हाच हिशेब पुढे नेला की मिठाची मर्यादाही कळते. वजनाने 5 टक्के मिठाचे पाणी सुमारे उणे 3 अंशांना, 10 टक्क्यांचे उणे 6.5 अंशांना, 15 टक्क्यांचे उणे 11 अंशांच्या जवळ आणि 20 टक्क्यांचे उणे 16.5 अंशांना गोठू लागते. याचाच अर्थ, जमीन उणे 3 अंशांवर असेल तर 1 किलो मीठ 19 किलो बर्फाचे पाणी करू शकते. जमीन उणे 6.5 अंशांवर असेल तर 9 किलो, आणि उणे 16.5 अंशांवर असेल तर जेमतेम 4 किलो. सुमारे 23.3 टक्क्यांचे द्रावण उणे 21.1 अंशांना गोठते आणि त्याखाली साधे मीठ कितीही ओतले तरी काहीही होत नाही. हे आकडे अंतिम स्थितीचे आहेत. तेथे पोहोचायला लागणारा वेळ थंडीबरोबर वाढत जातो, कारण थंड जमिनीकडे देण्यासारखी उष्णताच कमी असते. म्हणून प्रत्यक्ष कामात उणे 9 ते 10 अंशांच्या खाली साध्या मिठावर विसंबू नये. येथे हवेचे नव्हे, तर पृष्ठभागाचे तापमान पाहावे. रात्रभर गारठलेली फरशी सकाळच्या हवेपेक्षा कितीतरी थंड असू शकते.

हा धडा मला कामाच्या सुरुवातीच्या काळात एका शीतगृहात मिळाला. आतले तापमान उणे 18 अंश होते आणि दाराशी फरशीवर बर्फाचा गुळगुळीत थर साचला होता. उणे 21 हा आकडा पुस्तकात वाचलेला असल्यामुळे मी त्यावर भरपूर मीठ पसरवायला सांगितले. दिवसभर तेथे नुसता चिखलासारखा राडा राहिला, गाड्यांच्या चाकांबरोबर तो आतपर्यंत पसरला, आणि दुसऱ्या दिवशी तोच राडा पहिल्यापेक्षा अधिक गुळगुळीत थर होऊन गोठलेला होता. काही आठवड्यांनी दाराच्या रुळांवर गंजही दिसू लागला. माझी चूक मला नंतर उमगली: उणे 18 अंशांच्या बंद खोलीत बर्फाला उष्णता देणारे काही नव्हतेच, तेव्हा वितळणबिंदू तीन अंशांनी जिंकून हाती काय लागणार होते? शेवटी तो थर खरवडून काढला आणि दाराची झिजलेली रबरी पट्टी बदलली, तेव्हा तो पुन्हा साचणे थांबले. बाहेरची दमट हवा आत शिरत होती, हे बर्फाचे मूळ होते. अशा ठिकाणी द्रव वापरणे भागच असेल तर खाद्यपदार्थांजवळ चालणारे प्रोपिलीन ग्लायकॉलवर आधारित द्रावण वापरतात, क्षार नव्हे.

मिठाखेरीज इतर क्षार कधी घ्यावेत, हे थंडीवर आणि जागेवर ठरते. कॅल्शियम क्लोराइडच्या सुमारे 30 टक्के द्रावणाचा गोठणबिंदू उणे 50 अंशांच्या आसपास जातो, मॅग्नेशियम क्लोराइडचा उणे 33 अंशांपर्यंत, तर युरियाचा जेमतेम उणे 11 ते 12 अंशांपर्यंत. मीठ पाण्यात विरघळताना थोडी उष्णता शोषून घेते. निर्जल कॅल्शियम क्लोराइड मात्र विरघळताना उष्णता बाहेर टाकते, आणि ती थोडीथोडकी नव्हे, तर किलोमागे 700 किलोजूलांहून अधिक असते. म्हणजे 1 किलो निर्जल क्षाराच्या नुसत्या विरघळण्यातूनच दोन किलो बर्फ वितळेल एवढी उष्णता मिळते. बाजारात मिळणाऱ्या पापुद्र्यांत पाण्याचा अंश असल्यामुळे त्यांची उष्णता यापेक्षा कमी भरते. ज्यांना ‘उष्णतेविना’ ही अट काटेकोरपणे पाळायची आहे, त्यांनी हा क्षार बाजूला ठेवावा, कारण येथे उष्णता दिली जातेच, फक्त ती रासायनिक वाटेने येते. ओल्या हाताने तो कधीही उचलू नये. त्वचा भाजल्यासारखी होते. विमानतळांच्या धावपट्ट्यांवर पोटॅशियम ॲसिटेटसारखे क्षार वापरले जातात, कारण क्लोराइडने विमानाच्या धातूचे क्षरण होते. ते महाग असल्यामुळे साध्या रस्त्यावर परवडत नाहीत.

मीठ कसे टाकावे, हे समजण्यासाठी एकच खडा जवळून पाहावा. स्वच्छ, जाड बर्फाच्या लादीवर जाड्या मिठाचा एक खडा ठेवला की पहिली काही मिनिटे विशेष काही दिसत नाही. मग खड्याभोवती ओलसर वर्तुळ उमटते, खडा त्या ओलीत किंचित रुततो आणि त्याच्याखाली बारीक भोक पडू लागते. खारे पाणी साध्या पाण्यापेक्षा जड असल्यामुळे ते आडवे न पसरता खाली उतरते आणि बर्फात नळीसारखी वाट करत जाते. मधूनमधून लादीतून बारीक तडतड ऐकू येते. नळी तळाला पोहोचली की खारे पाणी बर्फ आणि फरशी यांच्यामध्ये पसरते आणि तेथील चिकटलेपण सोडवते. याच क्षणी फावड्याचे काम सुरू व्हावे. साराच्या सारा थर पाणी होईपर्यंत मीठ ओतत राहणे ही मला सर्वांत अधिक वेळा दिसलेली चूक आहे. मिठाने जोड सोडवावा आणि बर्फ फावड्याने उचलावा, म्हणजे मीठ किती तरी कमी लागते. मोठे खडे खोल जातात आणि बारीक मीठ वरचा पातळ थर लवकर ओला करते, त्यामुळे जाड थरासाठी जाडे मीठ घ्यावे. कोरड्या, कडक थंडीत मिठाला विरघळण्यासाठी लागणारी पहिली ओलच मिळत नाही आणि खडे वाऱ्याने उडून किंवा पायाने घरंगळून जातात. तेव्हा ते आधी मिठाच्याच पाण्याने ओलसर करून पसरावेत.

याहूनही चांगला मार्ग म्हणजे बर्फ धरण्यापूर्वीच काम करणे. हिमवृष्टीच्या आधी कोरड्या रस्त्यावर सुमारे 23 टक्क्यांच्या मिठाच्या पाण्याच्या रेघा ओढून ठेवतात. पाणी सुकले तरी मीठ तेथेच राहते आणि पडणारा पहिला हिम जमिनीला चिकटू देत नाही. चिकटलेला थर सोडवण्यापेक्षा तो चिकटूच न देण्याला मीठ कमी लागते, हे मी खात्रीने सांगू शकतो.

मिठाची दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य नाही. क्लोराइड काँक्रीटमध्ये झिरपून आतल्या सळयांना गंज चढवते. गंज फुगतो आणि काँक्रीटला तडे जातात. नवे काँक्रीट तर निदान पहिल्या हिवाळ्यात क्षारांपासून दूरच ठेवावे, कारण वितळणे आणि गोठणे यांच्या फेऱ्यांत त्याच्या पृष्ठभागाचे पापुद्रे सुटतात. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट ही खते बर्फ वितळवतात म्हणून काही जण वापरतात, पण ती काँक्रीटवर थेट रासायनिक हल्ला करतात. ती कधीही वापरू नयेत. वाहून गेलेले मीठ कोठे नाहीसे होत नाही. गोड्या पाण्यातील जीवसृष्टीसाठी अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1988 मध्ये क्लोराइडची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे 230 मिलिग्रॅम अशी ठरवली. 6 ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचाभर मिठात सुमारे 3.6 ग्रॅम क्लोराइड असते. ते जवळजवळ 16 लिटर शुद्ध पाण्याला या मर्यादेपर्यंत नेते. बर्फ निघाल्यावर उरलेले खडे झाडून पुन्हा डब्यात भरावेत, असा माझा आग्रह त्यामुळेच असतो. ज्या ठिकाणी फक्त घसरणे टाळायचे आहे, तेथे रेती टाकावी. रेतीने बर्फ वितळत नाही, पण पायाला पकड मिळते आणि तापमान कितीही उतरले तरी तिचा उपयोग टिकून राहतो.

गाडीच्या काचेसाठी क्षार नकोतच. तेथे अल्कोहोल योग्य. 70 टक्क्यांचे आयसोप्रोपिल अल्कोहोल दोन भाग आणि पाणी एक भाग असे मिश्रण फवाऱ्यात भरून काचेवर मारावे, मिनिटभर थांबावे आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने ओला थर ओढून काढावा. तत्त्व मिठाचेच आहे, फक्त येथे विरघळण्याची वाट पाहावी लागत नाही. अल्कोहोल उडून जाते आणि उडताना काच आणखी गार करते, त्यामुळे सुटलेले पाणी तसेच राहू दिले तर ते पुन्हा गोठते. ते लगेच पुसून घ्यावे. हे मिश्रण ज्वालाग्राही आहे, म्हणून ते आगीपासून आणि ठिणगीपासून दूर ठेवावे. व्हिनेगरची शिफारस पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते, परंतु त्यात ॲसिटिक ॲम्ल जेमतेम 5 टक्क्यांच्या आसपास असते आणि गोठणबिंदू अंश-दोन अंशच उतरतो. इथिलीन ग्लायकॉल बर्फावर प्रभावी असले तरी ते विषारी आहे आणि चवीला गोड असल्यामुळे प्राणी ते चाटतात. उघड्यावर त्याचा वापर करू नये. विमानांवर मारले जाणारे ग्लायकॉलचे द्रावण पाहून ते थंडच वापरले जाते असा समज होतो. प्रत्यक्षात बर्फ काढण्यासाठी ते बहुधा गरम करूनच फवारतात.

दाबाविषयीही विचारले जाते, विशेषतः शाळेत पुनर्हिमायनाचा, म्हणजे दाबाने वितळलेला बर्फ दाब हटताच पुन्हा गोठण्याचा, प्रयोग पाहिलेल्यांकडून. पाण्याचा बर्फ होताना आकारमान वाढते, म्हणून दाब दिला की बर्फाचा वितळणबिंदू उतरतो. जेम्स थॉमसन यांनी 1849 मध्ये हे गणिताने मांडले आणि पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू विल्यम थॉमसन, म्हणजे पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेले शास्त्रज्ञ, यांनी ते प्रयोगाने दाखवले. पण प्रमाण फार अल्प आहे: एका अंशासाठी जवळजवळ 135 वातावरणांचा दाब लागतो. जवळपास 2,100 वातावरणांच्या दाबाला वितळणबिंदू उणे 22 अंशांपर्यंत उतरतो आणि त्यापुढे दाब वाढवला तर बर्फाचे रूपच बदलते व वितळणबिंदू पुन्हा चढू लागतो. बर्फावर घसरणाऱ्या खेळाडूच्या वजनाने पात्याखालचा बर्फ वितळतो, हे जुने स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे पडते. 60 किलोची व्यक्ती 3 मिलिमीटर रुंद पात्याच्या 10 सेंटिमीटर लांबीवर उभी राहिली तर दाब सुमारे 20 वातावरणे भरतो आणि फरक अंशाच्या सातव्या भागाइतका पडतो. तेथे घर्षणाची उष्णता आणि बर्फाच्या पृष्ठभागावर मुळातच असणारा पाण्यासारखा अतिशय पातळ थर यांचे काम मोठे आहे.

वजन लटकवलेली तार बर्फाच्या लादीतून आरपार जाते आणि लादी अखंडच राहते, या प्रयोगात एक बारकावा आहे. तारेखाली बर्फ वितळतो, पाणी वर सरकून पुन्हा गोठते, आणि गोठताना सुटलेली उष्णता तारेतूनच खाली जाऊन पुढचा बर्फ वितळवते. तांब्याच्या तारेऐवजी तेवढाच जाड नायलॉनचा दोरा घेतला तर तो कितीतरी सावकाश उतरतो, कारण नायलॉनमधून उष्णता सहज वाहत नाही. दाबाच्या प्रयोगातही शेवटी उष्णतेची वाटच निर्णायक ठरते. निसर्गात दाबाचे काम पाहायचे तर बर्फाची जाडी किलोमीटरमध्ये मोजावी लागते. अंटार्क्टिकातील व्होस्टोक सरोवर जवळजवळ 4 किलोमीटर बर्फाखाली द्रवरूप आहे, आणि तेथेही पृथ्वीच्या पोटातून येणाऱ्या उष्णतेचा हातभार आहेच.

निर्वात पंपाने बर्फ वितळेल ही अपेक्षा मात्र चुकीची आहे. 611 पास्कलपेक्षा कमी दाबाला शुद्ध पाणी द्रवरूपात स्थिर राहूच शकत नाही. तेथे बर्फाचे संप्लवन होऊन थेट वाफ होते, आणि त्यासाठी किलोमागे सुमारे 2,800 किलोजूल, म्हणजे वितळण्याच्या आठपटींहून अधिक उष्णता लागते.

राहिला दुसरा मार्ग, आसपासच्या उष्णतेला वाट करून देण्याचा, आणि माझ्या मते घरगुती गरजेसाठी तोच सर्वांत निर्धोक आहे. बर्फाचे दोन सारखे तुकडे घेऊन एक लाकडी पाटावर आणि दुसरा ॲल्युमिनियमच्या जाड तव्यावर ठेवून पाहावा. हाताला तवा पाटापेक्षा गार लागतो, तरीही तव्यावरचा तुकडा डोळ्यांदेखत बसत जातो आणि पाटावरचा बराच वेळ तसाच राहतो. ॲल्युमिनियम लाकडापेक्षा हजारपटींहून अधिक चांगला उष्णतावाहक आहे. हाताची उष्णता तो ज्या वेगाने ओढून घेतो, त्याच वेगाने खोलीची उष्णता बर्फाला पोहोचवतो. बर्फ फोडण्यानेही हेच साधते: 3 सेंटिमीटरच्या घनाचे 3 मिलिमीटरचे घन केले तर पृष्ठफळ दहापट होते. नळाचे गार पाणी वाहते ठेवले तर तेही स्थिर हवेपेक्षा कितीतरी वेगाने बर्फ वितळवते.

फ्रीजरसाठी याच तत्त्वाने काम करावे. वीज बंद करावी, दार सताड उघडावे आणि खोलीतील हवा आत जाईल असा साधा पंखा समोर ठेवावा. खाली पाणी टिपायला फडकी अंथरावीत. सुरी, पेचकस किंवा उलथने घेऊन बर्फ टोचू नये, कारण त्यामागील नळ्यांचा पत्रा पातळ असतो आणि एक टोचा पुरतो. आजच्या पुष्कळ फ्रीजच्या या नळ्यांत आयसोब्युटेन हा ज्वालाग्राही वायू असतो. मीठही आत टाकू नये, ते ॲल्युमिनियम खाते. थर कडेने सुटू लागला की हाताने उचलून काढावा आणि आतील भिंती पूर्ण कोरड्या पुसून मगच वीज सुरू करावी. नंतर कागदाची एक पट्टी दारात धरून दार लावावे आणि ती ओढून पाहावी, असे चारही बाजूंनी करावे. जेथे ती सहज निसटते तेथून दमट हवा आत शिरते, आणि तेथील रबर बदलले नाही तर काढलेला बर्फ पुन्हा तेथेच साचतो.